घ की ध

जयश्रीला एका जागी बसून राहता येत नाही. सुरतच्या बमरोलीतल्या त्या रूमच्या ओळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती दारात येते, आत जाते, वाळत घातलेले कपडे चाचपते, पुन्हा दारात येते. नवरा भटू जवळच्याच लूमच्या खात्यात कापड विणतो. पाळी संपवून घरी आला की कानांत यंत्रांचा आवाज घोळत असतो, म्हणून तो जरा मोठ्यानेच बोलतो. "तुना पायले भिंगरी शे," तो म्हणतो, "जरासी बठ ना." ती बसते, आणि बसल्या बसल्या चटईच्या सुटलेल्या काड्या आत खोचू लागते.

पारोळ्याजवळच्या एका गावातून लग्न होऊन ती सुरतेत आली. मोठी मुलगी चंचल महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीत, धाकटा चेतन दोन वर्षांचा, आणि सासू मंगलाबाई, अशी घरात माणसं. जयश्री घरी बसून साड्यांवर चमकीचे खडे चिकटवायचं काम करायची. दुपार झाली की तिचं डोकं ठणकायला लागायचं. मग ती कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि डावा डोळा मिटून काम पुढे रेटायची. ही सवय लहानपणापासूनची होती. का लागली, ते तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी त्याचा विचार केला नव्हता.

शाळेत मुलांचे डोळे तपासायला माणसं आली होती, त्या दिवशी चंचलला घ्यायला गेलेल्या जयश्रीला वर्गाच्या तारा मॅडमनी फाटकाशी थांबवलं.

"चंचलच्या डोळ्यांना नंबर आहे. डावा जास्त आहे म्हणाले. मोठ्या दवाखान्यात नेऊन नीट तपासून घ्या."

"पण मॅडम, तिला तर सगळं दिसतं. भिंतीवरची मुंगी दाखवते ती मला."

"दिसतं, पण सारखं दिसत नाही. वाचताना बघा तिचं. घ आणि ध यात गोंधळते. म आणि भ यात पण. परवा 'धरण' वाचायला सांगितलं तर 'घरण' म्हणाली."

जयश्रीला लख्खकन आठवलं. घ आणि ध. गावच्या शाळेत याच दोन अक्षरांसाठी तिला बाकावर उभं करायचे. पण चेतन कडेवर वळवळत होता आणि चंचल हात ओढत होती. ती चालू लागली. घरी पोचेपर्यंत तो विचार मागे पडला आणि त्याच्या जागी एकच भीती शिल्लक राहिली, की पोरीला दिसायचं बंद होणार.

मंगलाबाईंनी दारातच विचारलं, "काय व्हयनं व? तोंड काब्र उतरनं?"

"चंचलना डोयाले नंबर शे, आत्या."

"आपला खानदानमा कोनले चष्मा नही," मंगलाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला होता.

जयश्रीच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी काम टाकून ती चंचलला सरकारी दवाखान्याच्या डोळे विभागात घेऊन गेली. चंचलच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसायचं होतं. बाकावर बसलेल्या बायकांनी दोनदा सांगितलं, ताई बसा. जयश्री भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिली.

आतल्या डॉक्टर तिच्याच वयाच्या होत्या, गुजराती. सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणत. गुजराती आणि हिंदी मिसळून त्या बोलत, आणि मुलांशी बोलताना खुर्ची पुढे ओढून घेत. यंत्रातून त्यांनी बराच वेळ चंचलचे डोळे पाहिले.

"बेन, बेसो ने," त्या म्हणाल्या. जयश्री खुर्चीच्या कडेवर टेकली. "हा त्रांसा, म्हणजे तिरका नंबर आहे. सिलिंडर नंबर म्हणतात तो. डोळ्याचा पुढचा काचेसारखा भाग चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. हिचा एका दिशेने जास्त वळलेला आहे, चमच्याच्या पाठीसारखा. म्हणून हिला उभ्या रेघा बऱ्या दिसतात आणि आडव्या पुसट होतात."

आता चंचलचं घ आणि ध का चुकतं, ते जयश्रीला उमगत होतं. दोन्ही अक्षरांत मुख्य फरक डोक्यावरच्या आडव्या रेघेचा. एकाला ती पूर्ण असते, दुसऱ्याला तुटकी.

"मग आता हे वाढणार?"

"सांगते. अगदी लहान बाळांमध्ये असा बाक पुष्कळ वेळा असतो. डोळा वाढतो तसा पहिल्या तीन-चार वर्षांत तो बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. काही मुलांचा राहतो. हिचा राहिला आहे. या वयापर्यंत राहिला की तो बहुतेक पुढेही असतो. डोळा अजून वाढतोय, म्हणून नंबर थोडा वरखाली होईल, काच बदलावी लागेल. त्याची मला फार काळजी नाही. काळजी आहे ती डाव्या डोळ्याची. त्याचा नंबर जास्त, त्यामुळे त्यातून मेंदूला कायम धूसर चित्र मिळालं. मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच कमी केलंय. असा डोळा आळशी होतो. आत्ता लहान आहे तोवर त्याला शिकवता येतं. दिवसभर चष्मा, आणि रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी."

डॉक्टरबेन एवढं बोलल्या. जयश्रीच्या डोक्यात त्यातले दोनच शब्द उरले. बदलणार, आणि आळशी.

चष्मा आला त्या संध्याकाळी चंचल दारात उभी राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचत सुटली. मग आत पळत आली, पुस्तक उघडलं आणि ओरडली, "माय, दख ना, घ ना डोकावर पुरी रेघ शे!" भटू हसला. त्याने तिला उचलून घेतलं. मंगलाबाईसुद्धा जवळ येऊन पुस्तकात डोकावल्या, जरी त्यांना अक्षर येत नव्हतं. जयश्रीही हसली, पण तिच्या मनात लगेच आलं की उद्या हे असंच दिसेल का?

मग तिचा तो छंदच झाला. रस्त्याने जाताना ती बसवरच्या, दुकानांवरच्या, भिंतींवरच्या पाट्या चंचलला वाचायला लावायची. पाट्या गुजरातीत असायच्या. चंचल ती अक्षरं शेजारच्या मैत्रिणींकडून शिकत होती, पण स्वतः जयश्रीला गुजराती वाचता येत नव्हतं. चंचल बरोबर वाचतेय की ठोकून देतेय, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तरी ती विचारायची. जेवताना विचारायची, न्हाऊ घालताना विचारायची. "त्या कॅलेंडरवरचा आकडा दिसतो का? डावा मीट. आता उजवा मीट." एकदा चंचल वैतागून गुजरातीत म्हणाली, "मम्मी, बधुं देखाय छे!" सगळं दिसतंय. घरात ती अहिराणी बोलायची. रागावली की मात्र तिच्या तोंडून शेजारच्या मैत्रिणींची गुजराती यायची.

मंगलाबाईंचं एकच पालुपद चालू होतं. "चष्मा लावा म्हंजे नंबर वाढसच." पट्टी तर त्यांना बघवतच नव्हती. "पोरले काणी करी ठेवी!" त्या म्हणायच्या, आणि गल्लीतल्या पोरांनी तोच शब्द उचलला. काणी, काणी. चंचल पट्टी काढून फेकायची. जयश्री पुन्हा लावायची. दोघी रडकुंडीला यायच्या.

अशात कुणीतरी सांगितलं की कतारगामला एक माणूस आहे, तो डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा उतरवतो. जयश्री ऐकल्या ऐकल्या उठली. त्या माणसाने चंचलच्या डोळ्यांकडे बॅटरी धरून पाहिलं आणि म्हणाला, "चष्म्यामुळे डोळा आळशी होतो. आधी तो काढा."

आळशी. डॉक्टरबेननी हाच शब्द वापरला होता. जयश्रीला वाटलं, दोघं एकच सांगतायत, फक्त याने मूळ कारण पकडलं. तिने चष्मा पत्र्याच्या डब्यात ठेवला. सकाळ-संध्याकाळ ती चंचलला अंगठ्याकडे बघायला लावायची, वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. पट्टी बंद झाली. घरात शांतता झाली. मंगलाबाई खूश, चंचल खूश. भटूने मात्र एकदा विचारलं, "दवाखानामा विचारं का तू?" जयश्री बादली घेऊन नळावर गेली.

उन्हाळ्याची सुट्टी अशीच गेली. शाळा सुरू झाली आणि तारा मॅडमनी चंचलला बिनचष्म्याची पाहून घरी निरोप पाठवला. त्याच आठवड्यात चंचल रूमच्या ओळीचा जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकच समजून पडली. हनुवटी फुटली. पायरीची कड ही आडवी रेघच की. फडकं धरून रक्त थांबवताना जयश्रीला ते एकदम कळलं.

डॉक्टरबेननी पुन्हा तपासलं. जयश्री या वेळी खुर्चीला टेकलीसुद्धा नाही.

"नंबर थोडा वाढलाय," त्या म्हणाल्या.

"मी चष्मा काढला म्हणून?"

"नंबर त्याने नाही वाढत. चष्मा लावल्यानेही वाढत नाही. पोर वाढली, डोळा वाढला, बाक किंचित बदलला. ते होणारच होतं. पण डाव्या डोळ्याला शिकायला जे महिने मिळाले असते, ते गेले. तो होता तिथेच आहे."

त्या रागावल्या असत्या तर जयश्रीला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तपासणीची चष्म्यासारखी चौकट उचलली, तिच्यात एक भिंग बसवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पोरीला बिनचष्म्याचं कसं दिसतं ते एकदा बघा, म्हणजे पुन्हा चष्मा काढावासा वाटणार नाही. उजवा डोळा हाताने झाका. समोरचा तक्ता बघा. आधी भिंगाशिवाय."

जयश्रीने उजवा डोळा झाकला.

"काय दिसतं?"

"पांढरं."

"अक्षरं?"

"अक्षरं कुठंयत?"

डॉक्टरबेन थांबल्या. चौकट खाली ठेवून त्यांनी जयश्रीला हाताला धरून यंत्रासमोर बसवलं. बाहेर रांग वाढत होती, एक बाई दारातून डोकावून गेली. डॉक्टरबेननी आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग भिंगामागून भिंग लावून पाहिलं. शेवटी दिवा लावला.

"तुम्हाला लहानपणापासून हाच त्रास आहे, बेन. डाव्या डोळ्याला मोठा त्रांसा नंबर. उजव्यालाही थोडा आहे. डावा कधी बघायला शिकलाच नाही. डोकं दुखतं का?"

"रोज."

"किती शिकलात?"

"चौथी. माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. घ आणि ध..." तिने डावा डोळा चाचपला.

"आता माझा पण शिकवता येईल?" तिने विचारलं.

"या वयात फारसा नाही. चष्म्याने डोकं दुखायचं थांबेल. उजव्याने आणखी स्वच्छ दिसेल. डाव्याचं मी खोटं नाही सांगणार."

जयश्री उठली. चंचलचं मनगट धरून ती बाहेर पडली, लांबलचक वऱ्हांड्यातून शेवटपर्यंत गेली, तिथून वळली, परत आली, पुन्हा वळली. थेंबांमुळे चंचलला उजेड सहन होत नव्हता. ती डोळे बारीक करून आईच्या मागे फरफटत होती.

"मम्मी, आपणे क्यां जईए छीए?"

"कोठेच नही," जयश्री म्हणाली आणि चालत राहिली.

गावच्या शाळेतला तो बाक तिला आठवत होता. सगळे हसायचे ते आठवत होतं. मठ्ठ हे तिचं जणू दुसरं नाव होतं. सासरी आल्यावरही हिशेबाचं, वाचायचं काही निघालं की ती आपणहून म्हणायची, मला नाही जमत, मी मठ्ठ आहे. इतकी वर्षं ती हे हसत हसत सांगत आली होती. आता कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि धरायला कुणाचा गळा समोर नव्हता. दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहून तिने गावी आईला फोन लावला.

"माय, माले शाळामाईन कोनी काढं व्हतं?"

सरस्वतीबाई अंगणात काहीतरी पाखडत असाव्यात, सुपाचा आवाज येत होता. तो थांबला. "कोनी नही काढं व. तूच म्हने ना, माले काही येस नही."

जयश्रीने आईला डोळ्याचं सांगितलं नाही. "बरी शे ना तू?" एवढं विचारून फोन ठेवला, आणि तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसली. चंचलला मांडीवर घेतलं. मग तिला रडू आलं. चंचलने तिचे डोळे आपल्या फ्रॉकने पुसले आणि विचारलं, "तुन्हा डोयामा बी थेंब टाकात का?"

पट्टीची लढाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. चंचल आता जास्तच हट्टाला पेटली होती. मोकळी सुट्टी मिळालेलं पोर ते. तिने पट्टी कोपऱ्यात भिरकावली. "मी नही लावाव! माले काहीच दखास नही तेन्हामा!"

जयश्रीने हात उगारला होता. तो तसाच खाली आला. तिने कोपऱ्यातली पट्टी उचलली आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यावर चिकटवली.

खोली गेली. भांड्यांची मांडणी म्हणजे एक चकाकतं धुकं, दार म्हणजे उजेडाचा तुकडा. समोर जे उभं होतं ते चंचल असणार, पण तिला तोंड नव्हतं. जयश्री पुढे सरकली आणि तिचा पाय पाण्याच्या कळशीला लागला.

"माले बी काहीच दखास नही," ती म्हणाली.

चंचल हळूच जवळ आली. "खरंच?"

"खरंच. तुले तरी थोडं दखास. तू मना हात धर."

त्या दुपारी दोघी डोळ्यांवर पट्ट्या लावून पत्ते खेळल्या. चंचल पत्ता नाकाजवळ नेऊन ओळखायची आणि जयश्रीला एकही पत्ता ओळखू यायचा नाही. तिने राजा म्हणून टाकलेली दुर्री निघाली तेव्हा चंचल जमिनीवर लोळून हसली. मंगलाबाई बाहेरून आल्या, दोघींकडे बघून दारातच थबकल्या. "हाई काय नवं?" त्यांनी विचारलं. आजीला काय सांगायचं ते चंचलनेच सांगितलं, की आईचा डोळा शाळेतच गेला नाही, म्हणून आपला डोळा रोज शाळेत जायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांपैकी एकजण काणी म्हणाला, तेव्हा मंगलाबाई हातातला झाडू घेऊनच त्याच्या मागे धावल्या.

हे फार सुरळीत झालं असं नाही. कधी चंचल पट्टीच्या फटीतून बघायची. कधी जयश्रीला काम उरकायचं असायचं आणि खेळ राहून जायचा. कधी तिलाच पट्टीखाली कोंडल्यासारखं व्हायचं, ती तडक उठून दारात जायची. आपल्या डोळ्याला याचा उपयोग नाही, हे तिला माहीत होतं. डॉक्टरबेननी दोनदा सांगितलं होतं. तरी चंचलने पट्टी लावली की ती आपल्याही डोळ्यावर पट्टी लावायची.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढच्या उन्हाळ्यात तपासणी झाली तेव्हा चंचलने डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या आणखी खालच्या ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीला ती अडखळली. त्रांसा नंबर जवळपास तेवढाच होता, बाकाची दिशा किंचित सरकली होती, म्हणून काच बदलली. "हा नंबर राहील," डॉक्टरबेन म्हणाल्या. "मोठी झाली तरी चष्मा राहील. पण डोळा बघायला शिकलाय. पट्टी आता कमी करू." जयश्रीलाही आता चष्मा होता. डोकं दुखायचं थांबलं होतं. डाव्या बाजूने कुणी आलं की मात्र ती अजूनही दचकायची.

तेवढ्यावर ती घरी गेली असती, तर ती जयश्री कसली. तिने चेतनला पुढे ढकललं. "याचे पण बघा."

डॉक्टरबेननी चेतनला मांडीवर घेऊन तपासलं. त्याने त्यांचं पेन पळवलं. "याला थोडा बाक आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत सारखा, आणि चंचलपेक्षा खूप कमी."

जयश्रीचा चेहरा पडला. "मग चष्मा द्या. पट्टी द्या. आजच द्या."

"आज काही द्यायचं नाही. हा वाढतोय, याचा बाक अजून कमी होऊ शकतो. पुष्कळ मुलांचा होतो. सहा महिन्यांनी घेऊन या, तेव्हा मोजू."

"आणि तोवर मी काय करू?"

"काही नाही. वाढू द्या त्याला."

पट्टी लावा म्हटलं असतं तर जयश्रीने लावली असती, दुसऱ्या दवाखान्यात जा म्हटलं असतं तर आत्ता निघाली असती. काहीच करायचं नाही, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने चेतनच्या मुठीतून पेन सोडवून टेबलावर ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि दोघांना घेऊन बाहेर पडली.

रस्त्यावर ऊन होतं. सिटी बसला वेळ होता. चंचल थांब्याच्या बाकावर बसून पाय हलवत होती आणि चेतन थांब्यामागच्या भिंतीवरच्या चित्रातल्या हत्तीला हात लावून बघत होता. जयश्रीच्या ओठांवर आलं, चेतन, तो हत्ती इकडून दिसतो का? तिने ओठ मिटले. बस अजून दिसत नव्हती. ती थांब्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि पुन्हा त्या टोकाकडे निघाली.